सहकुटुंब अंबाजोगाई : दोन दिवसांच्या प्रवासाचा बेत करणाऱ्या गृहस्थास काही सूचना

बीड शहरातील ज्या गृहस्थाच्या मनात दिवाळीनंतरच्या एखाद्या शनिवार-रविवारी आपले अवघे कुटुंब घेऊन कोठेतरी जाऊन यावे असा विचार येतो, त्याने प्रारंभीच हे समजून असावे की, या कामी खरी अडचण स्थळाची नसते, माणसांची असते. आणि म्हणून प्रवासाचा आराखडा नकाशा समोर ठेवून न आखता, घरातील पाच-सात स्वभाव समोर ठेवून आखावयास पाहिजे. हल्ली प्रत्येक घराण्यात एखादा भाचा नेदरलँड्समध्ये नोकरीस असतो, आणि तो बायकामुलांसह ॲम्स्टरडॅमच्या कालव्यांत नौकेत बसलेल्याची छायाचित्रे पाहून येथील मंडळींच्या मनात प्रवासाची ऊर्मी उसळते. छायाचित्रांत न दिसणारा वृत्तांत त्यालाच खाजगीत विचारला, तर तो सांगतो की, तेथे ॲन फ्रँकच्या घराचे तिकीटसुद्धा आगाऊ, ठरलेल्या दिवसाचे व ठरलेल्या वेळेचे घ्यावे लागते. अशा वेळा कुटुंबातील एकाही माणसाच्या भुकेशी जुळत नाहीत, आणि कालव्याच्या काठी उभे राहून झालेले भांडण बीडच्या सुभाष रोडवरील भांडणाहून तसूभरही वेगळे नसते. तेव्हा एवढ्या दूर न जाता, जिल्ह्याच्या हद्दीतच, सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या अंबाजोगाईस जावे, अशी माझी शिफारस आहे.

शिफारशीची कारणे अनेक आहेत. गाव जुने आहे, पाहण्यासारखे विपुल आहे, आणि उत्सवाचे दिवस सोडले तर गर्दी सोसवेल इतकीच असते. घरातील ज्येष्ठ स्त्रिया कोणत्याही परगावी जाण्यापूर्वी ‘तिथे दवाखाना बरा आहे का’ एवढा एकच प्रश्न विचारतात, आणि त्याला अंबाजोगाईइतके समाधानकारक उत्तर देऊ शकणारी गावे थोडी आहेत. कारण अनेक वर्षांपासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय तेथे आहे. हे वाक्य बेत मांडतानाच, चहाच्या पहिल्या घोटाबरोबर, सहज बोलल्यासारखे उच्चारावे. निम्मी मंजुरी तेथेच मिळते.

उरलेल्या निम्म्या मंजुरीचा प्रश्न नाजूक आहे. बेत फार आधी जाहीर केला तर त्याची वार्ता नात्यागोत्यांत पसरून संख्येत इजाफा होतो; सोलापूरची आत्या, गेवराईचे मेहुणे आणि ‘मुलांना मुले भेटतील’ या सबबीवर शेजारचे कुटुंबही सामील होते. फार उशिरा जाहीर केला तर ‘आम्हाला कोणी विचारलेच नाही’ अशी दरखास्त दाखल होते, आणि ती पुढील वर्षभर निकालात निघत नाही. मध्यम मार्ग म्हणून गुरुवारचा रात्रीच्या जेवणाचा समय उत्तम. शुक्रवार तयारीस पुरतो, पण नवे कपडे शिवून घेण्यास पुरत नाही.

मात्र त्या बैठकीत एका वाक्याचा कडेकोट बंदोबस्त करून ठेवावा, कारण आजवर आपल्याकडील जेवढे लहान प्रवास बिघडले असतील, त्यांतील बहुसंख्य त्या एका वाक्याने बिघडले आहेत. ते वाक्य म्हणजे ‘एवढे गेलोच आहोत तर.’ एवढे अंबाजोगाईपर्यंत गेलोच आहोत, तर पुढे अवघ्या २५ किलोमीटरवर परळीचा वैजनाथ आहे. परळीपर्यंत गेलोच आहोत, तर एक ज्योतिर्लिंग झाले, दुसरे औंढ्याचे नागनाथ का राहावे. आणि औंढ्यापर्यंत गेल्यावर माहूर किती दूर राहिले, असे हे वाक्य स्वतःच्याच पायांनी पुढे चालत जाते, आणि रविवारी रात्री अकरा वाजता सारे कुटुंब कोठल्यातरी पेट्रोल पंपावर, अर्धे निजलेले व अर्धे रुसलेले, उभे असते. परळीविषयी माझ्या मनात अनादर नाही. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले ते भव्य देवालय स्वतंत्र दिवसाचे अधिकारी आहे, आणि स्वतंत्र दिवस काढूनच तेथे जावे. परंतु आजोबा हट्टालाच पेटले, तर तहाचा मसुदा असा असावा की, परळी झाल्यास अंबाजोगाईतील मुकुंदराजाची समाधी व हत्तीखान्याचे लेणे यांपैकी एकावर त्यांनी पाणी सोडावे, आणि तसे सर्वांसमक्ष कबूल करावे.

आता वाहनाचा विचार. घरातील धाकट्यास रेल्वे हवी असते, आणि बीडकरांच्या कित्येक दशकांच्या प्रतीक्षेनंतर १७ सप्टेंबर २०२५ रोजी ती शहरात आलीही; परंतु ती अहिल्यानगरकडे जाते, अंबाजोगाईकडे नव्हे, हे त्यास स्थानकावर न नेता घरीच समजावून सांगणे हिताचे. उरले खाजगी वाहन किंवा परिवहन महामंडळाची बस. भाड्याच्या मोटारीत सर्वजण एकत्र बसतात हा तिचा गुण, आणि सर्वजण एकत्र बसतात हाच तिचा दोष. बसच्या बाजूने सांगावयाचे तर, तिच्या भाड्याची सध्याची रचना एखाद्या विनोदी लेखकाने केली असावी असे वाटते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांस प्रवास निःशुल्क; पासष्ट ते पंचाहत्तर या वयातील काकांस अर्धे भाडे; मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस अर्धे भाडे; पाच ते बारा वर्षांच्या मुलांस अर्धे, आणि त्याहून लहानांस काहीच नाही. सारांश, संपूर्ण कुटुंबात पूर्ण तिकीट काढणारा इसम बहुधा एकच निघतो, आणि तो म्हणजे हा लेख वाचणारा गृहस्थ. त्याने हे भाग्य हसतमुखाने पत्करावे. मात्र वृद्धांची आधार कार्डे स्वतःच्या खिशात ठेवावीत, कारण सवलत वयाच्या पुराव्यावर मिळते, पांढऱ्या केसांवर नव्हे, आणि आजोबांचे कार्ड आजींच्या बटव्यात, बटवा पिशवीत आणि पिशवी बसच्या टपावर, ही साखळी वाहकासमोर उलगडण्यात गाडीतील सर्वांचा वेळ जातो.

निघण्याची वेळ सहा ठरवावी; म्हणजे आठला निघणे होते. हे लबाडीचे वाटेल, परंतु याला इलाज नाही, आणि याचा दैवी दाखला खुद्द अंबाजोगाईतच आहे, तो पुढे येईल. रस्ता मांजरसुंबा, नेकनूर, केज असा आहे. मांजरसुंब्यास रबडीच्या दुकानांपाशी वाहन थांबणारच, ते थांबू नये असा प्रयत्न करण्यात शक्ती खर्च करू नये. फक्त रबडी परतीच्या वाटेवर खावी, जाताना खाऊ नये, कारण पुढील रस्त्याची वळणे आणि लहान मुलांची पोटे यांचा परस्परसंबंध ती अकारण घट्ट करते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाणाराने आणखी एक ध्यानात घ्यावे. त्या दिवसांत याच रस्त्यांवरून आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे, चूल, भांडी, लेकरे व गुरे यांसह, पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघालेली असतात. तेही सहकुटुंबच प्रवासास निघालेले असतात, पण दोन दिवसांसाठी नव्हे, पाच-सहा महिन्यांसाठी. त्यांच्या ट्रॅक्टरमागे आपले वाहन अडकले तर चालकास भोंगा वाजवू देऊ नये.

अंबाजोगाईस पोहोचल्यावर प्रथम योगेश्वरीचे दर्शन घ्यावे, यात मतभेद नसतो, आणि सहलीत मतभेद नसणारी हीच एकमेव बाब असल्यामुळे ती आरंभी ठेवणे शहाणपणाचे. जयवंती नदीच्या काठचे हे देवस्थान कोकणातील असंख्य चित्पावन कुटुंबांची कुलस्वामिनी आहे. त्यामुळे मराठवाड्याच्या या गावात कुलाचारासाठी पुण्या-मुंबईहून, रत्नागिरीहून आलेली मंडळी भेटतात, आणि ‘आपण मूळचे कुठले’ या प्रश्नाने सुरू झालेले संभाषण चौथ्या वाक्याला एखाद्या सोयरिकीपाशी जाऊन पोहोचते. विवाहयोग्य मुलगी किंवा मुलगा बरोबर असल्यास या संभाषणासाठी स्वतंत्र अर्धा तास राखून ठेवावा. मार्गशीर्षातील देवीच्या उत्सवात मात्र लहान मुले घेऊन जाऊ नये; गेल्यास दर्शनाव्यतिरिक्त दुसरा कोणताही बेत करू नये.

ज्या दैवी दाखल्याचा उल्लेख केला तो असा. लोककथा सांगते की, योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता. परंतु वऱ्हाडाला विलंब झाला, मुहूर्त टळला, आणि सारे वऱ्हाडी जागच्या जागी पाषाण झाले. देवी कुमारिकाच राहिली. ही कथा देवळाच्या ओवरीत बसून मुलांस अवश्य सांगावी, परंतु सांगताना आपल्या पत्नीकडे पाहू नये. विलंब कोणामुळे झाला याचा उलगडा कथेत नाही, आणि कुटुंबात तो करावयास घेतल्यास प्रत्येक पक्षाकडून दुसऱ्याचे नाव पुढे येते.

त्या पाषाण झालेल्या वऱ्हाडाचे हत्ती म्हणून लोक ज्यांच्याकडे बोट दाखवितात, ते हत्तीखान्याच्या लेण्यात उभे आहेत, आणि माझ्या मते संपूर्ण प्रवासातील मुलांचा खरा आनंद येथेच आहे. म्हणून हे स्थळ पहिल्या दिवसाच्या उतरत्या उन्हात घ्यावे, सकाळी घाईने उरकू नये. डोंगराच्या अंगातच कोरलेले विस्तीर्ण अंगण, खांबांच्या रांगा असलेला मंडप, नंदी, आणि उघड्यावर उभे असलेले प्रचंड दगडी हत्ती, असा हा देखावा आहे. वेरूळचे नाव इतके मोठे झाले आहे की, जिल्ह्यातील शाळांच्या सहली या हत्तींच्या अंगणाकडे न वळता थेट तिकडे धावतात, ही गोष्ट मला नेहमीच खटकत आली आहे. वेरूळात मुलाला पाहावे लागते. येथे त्याला धावता येते. आजोबांसाठी सावलीची जागा आधी हेरून ठेवावी, पाण्याची बाटली त्यांच्या हाती द्यावी, आणि ‘हत्तीवर चढू नकोस’ असे ओरडण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. वृद्ध माणसास सहलीत काही अधिकार मिळाला म्हणजे त्याचे गुडघे कमी दुखतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. पावसाळ्याच्या अखेरीस जाणार असल्यास अंगणातील पाणी व शेवाळ गृहीत धरून पायताणे निवडावीत.

बाराखांबी म्हणून प्रसिद्ध असलेले सकळेश्वराचे देवालय, आणि यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याचे नाव धारण करणारे देवालय, ही दोन्ही जाणकारांनी डोळे भरून पाहावीत अशी आहेत. इतरांनी पाहिल्यासारखे करावे. शिल्पे फार सुंदर आहेत, परंतु या सुमारास कुटुंबाला चहा लागलेला असतो.

मुक्कामाविषयी थोडक्यात सांगतो. देवस्थानाच्या परिसरात व बसस्थानकाच्या आसपास उतरण्याची सोय होते. आधी दूरध्वनी करून ठेवावा. दोन खोल्या घ्याव्यात, आणि त्यांची वाटणी स्त्री-पुरुष अशी न करता घोरणारे व न घोरणारे अशी करावी. घोरणारे आपण घोरतो हे कधीही कबूल करीत नाहीत. तेव्हा या बाबतीत पुरावा न मागता घरातील सर्वांत धाकट्या साक्षीदाराची जबानी अंतिम मानावी.

दुसऱ्या दिवसाची सकाळ दासोपंतांसाठी ठेवावी. हा विलक्षण दत्तभक्त कवी १५५१ मध्ये जन्मला आणि १६१५ मध्ये अंबाजोगाईतच समाधिस्थ झाला. त्याच्या परंपरेची थोरले देवघर व धाकटे देवघर अशी दोन ठिकाणे गावात आहेत. भगवद्गीतेवर त्याने लिहिलेला ‘गीतार्णव’ सव्वा लक्ष ओव्यांचा सांगितला जातो, आणि लिहिण्यास त्याला रोज एका ढब्बू पैशाची शाई लागत असे, अशी आख्यायिका आहे. परंतु कागद पुरेना म्हणूनच की काय, पंचीकरणाचा गहन विषय त्याने सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर, आकृत्यांसह, लिहून काढला. हीच ती सुप्रसिद्ध पासोडी. नेदरलँड्समधील भाच्याने ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात रेम्ब्राँचे १६४२ मधील ‘नाइट वॉच’ हे भव्य चित्र पाहिल्याचा टेंभा मिरविला, तर त्यास शांतपणे सांगावे की, दासोपंत गेले तेव्हा रेम्ब्राँ नऊ वर्षांचा होता. आणि त्या चित्राच्या कडांचे पट्टे १७१५ मध्ये भिंतीत मावेना म्हणून कापून टाकले गेले, आमच्या पासोडीला मात्र कोणी कात्री लावली नाही.

मात्र पासोडी म्हणजे दुकानातील ठाण नव्हे. चार शतकांचे जीर्ण वस्त्र आहे, वंशपरंपरेने जपलेले आहे, आणि ते आपल्या येण्याच्या मुहूर्तावर उलगडून दाखविले जाईलच असे धरून चालणे असभ्यपणाचे होईल. आधी नम्रतेने विचारावे. योग आला तर पाहावे, न आला तर समाधीचे दर्शन घेऊन परतावे. योग आलाच, तर मुलांचे हात आधी धुऊन घ्यावेत आणि नंतर धरून ठेवावेत. ज्या मुलास शाळेत शुद्धलेखनाच्या दहा ओळी लिहिताना अंगठा दुखतो, त्याला येथे उपदेश करण्याचा मोह प्रत्येक पालकास होतो. तो आवरावा. चाळीस फुटांच्या अक्षरांपुढे मूल आपोआप गप्प होते, आणि आपण बोललो की पुन्हा बोलू लागते.

दासोपंतांकडून मुकुंदराजाकडे जाताना वडीलधाऱ्यांपैकी निवृत्त शिक्षक असलेल्या काकांस पुढच्या आसनावर बसवावे. हा त्यांचा प्रांत आहे. गावाबाहेर बालाघाटाच्या खोल दरीत मराठीच्या आद्यकवीची ही समाधी आहे. ‘विवेकसिंधु’ची रचना शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ मधील, असे परंपरा मानते, आणि तो हिशोब धरला तर हा ग्रंथ ज्ञानेश्वरीच्याही शंभर वर्षे आधीचा ठरतो. काका हे सांगतील. विदर्भातील आंभोरे हे गावही मुकुंदराजावर हक्क सांगते, हेही सांगतील, आणि त्या वादाचा निवाडा दरीत उतरण्यापूर्वीच करावयास घेतील. त्यांना अडवू नये; फक्त उतरणीच्या वाटेवर बोलण्यास मनाई असावी, कारण त्यांना बोलताना हातवारे करण्याची सवय असते आणि पायऱ्यांना ती मानवत नाही. पावसाळा नुकताच सरलेला असेल तर दरी हिरवीगार असते. उन्हाळ्यात येथे दुपारी येणे म्हणजे तपश्चर्याच होय. एप्रिल-मे महिन्यांत हा सारा प्रवासच वर्ज्य समजावा.

आजोबांची पिढी या गावाला अजूनही अधूनमधून मोमिनाबाद म्हणून जाते. निजामाच्या काळी येथे हैदराबादच्या पलटणींची, घोडदळाची छावणी होती. स्वामी रामानंद तीर्थ याच गावी शिक्षक म्हणून राहिले व नंतर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले, ही हकीकत जेवणाच्या पंक्तीत आजोबांच्याच तोंडून ऐकावी. १७ सप्टेंबर १९४८ या दिवसाची घरात कोणाला काही आठवण असेल, तर ती लिहून घेण्यास अशा निवांत दुपारइतका चांगला समय नाही, आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करण्याचे काम चौदा वर्षांच्या त्या सदस्यास द्यावे, जो आतापर्यंत मोबाइलमधून मान वर काढीत नव्हता.

खर्चाचा हिशोब एकाच हाती असावा, आणि तो हात घरातील सर्वांत कंजूष माणसाचा असावा. मात्र सीताफळाचा हंगाम असल्यास त्या सदरात त्याचे काही ऐकू नये. बालाघाटाच्या माळांवरील बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पण सरकारी मुद्रेहून टोपली घेऊन बसलेल्या बाईचा शब्द प्रमाण मानावा. आज खाण्याची कोणती व मंगळवारी पिकणारी कोणती, हे ती स्पर्श न करता सांगते.

परतीस दुपारी तीनच्या पुढे विलंब करू नये. मांजरसुंब्याजवळ कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी व धबधबा आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेचा सुमार नसेल आणि दिवस हाती असेल तरच वळावे. बीडच्या अलीकडे, शहराच्या दक्षिणेस सहा-एक किलोमीटरवर खजाना बावडी आहे, तेथे मात्र अवश्य उतरावे. बीडकर असून ती न पाहिलेले लोक संख्येने फार आहेत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या अमदानीत, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली, आणि भास्कर नावाच्या स्थपतीने जमिनीखालून पाट काढून तिचे पाणी बलगुजारच्या शेतांपर्यंत नेले. कोणतेही यंत्र नाही, केवळ उतार. मुलांनी काठावरून वाकून पाहू नये म्हणून दोघांनी पहारा करावा व बाकीच्यांनी निवांत पाहावे.

आणि एक हुकूम अखेरचा, तो पुरुषांस उद्देशून. दोन दिवस बाहेरचे खाल्ले, आता घरी जाऊन साधे पिठले-भाकरीच बरे, असा उद्गार मोटारीतून उतरताना काढावयाचा नाही. ते पिठले कोणी तरी उभे राहून करावयाचे असते, आणि तिचेही पाय दुखत असतात. येताना मांजरसुंब्यालाच सर्वांची जेवणे उरकून घ्यावीत. रबडीही तेथेच आहे.